एकच ट्रॅक, लहानमोठ्या गाड्या

खोक्यावर छापलेला अपूर्णांक बहुतेक खरेदीदार वाचत नाहीत. रेडिओ-नियंत्रित मोटारीच्या, म्हणजे घरोघरी जिला ‘रिमोटची गाडी’ म्हणतात तिच्या, खोक्यावर १/१०, १/८, १/५ किंवा १/२८ असा एक आकडा असतो. ग्राहकाची नजर मात्र आधी चित्राकडे आणि मग किमतीकडे जाते. नातवाच्या वाढदिवसासाठी आलेले आजोबा दुकानदाराला एवढेच सांगतात, “जरा मोठी दाखवा.” दुकानदार मोठी दाखवतो. पुढे मुलगा ती गाडी घेऊन एखाद्या क्लबच्या ट्रॅकवर उभा राहिला, म्हणजे तो न वाचलेला अपूर्णांक आपला हिशेब मांडू लागतो.

हिशेब सोपा आहे, पण फसवा आहे. १/१० म्हणजे लांबी दहावा भाग, रुंदी दहावा भाग आणि उंचीही दहावा भाग. तिन्हींचा गुणाकार केला तर आकारमान एक हजारांश होते. तेराशे किलो वजनाची खरी मोटार या प्रमाणात लहान केली, तर ती १.३ किलो भरावी. आणि १/१० वर्गातील टूरिंग मोटार प्रत्यक्षातही साधारण तेवढीच भरते. १/५ म्हणजे वजनात १२५ वा भाग. या वर्गातील पेट्रोल इंजिनाची शर्यतीची मोटार सुमारे १० किलोची असते. या दोन गाड्या शेजारी ठेवल्या, तर डोळ्याला एक दुसरीच्या दुप्पट दिसते. तागडीला मात्र ती सात-आठपट भरते. सरळव्याज समजून कर्ज घ्यावे आणि चक्रवाढीने फेडावे लागावे, तसाच हा प्रकार आहे.

त्यात वेगाची भर पडते. धडकेची ताकद वजनाच्या पटीत वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. ताशी ३० किलोमीटरने जाणाऱ्या १.३ किलोच्या गाडीच्या तुलनेत ताशी ६० किलोमीटरने येणारी १० किलोची गाडी सुमारे तीसपट ऊर्जा घेऊन येते. दोन्ही एकाच वळणावर भेटल्या, तर तिला अपघात म्हणण्यात अर्थ नाही. निकाल आधीच लागलेला असतो.

१/८ वर्गाची शर्यतीची बग्गी या दोहोंच्या मधली. तिचे किमान वजन सुमारे ३.२ किलो, आणि इंजिनाची असेल तर इंजिन ३.५ सीसीपर्यंतचे. दुसऱ्या टोकाला जपानी क्योशो कंपनीची १/२८ च्या आसपासची मिनी-झी. ती तळहातावर मावते आणि तिचे वजन पावशेराहूनही कमी असते. १/८ ची बग्गी तिच्यापेक्षा वजनाने जवळपास एकोणीसपट. शिवाय खोक्यावरचा आकडा पुष्कळदा मूळ वाहनाच्या प्रमाणापेक्षा शर्यतीच्या वर्गाचे नाव म्हणूनच छापलेला असतो. १/१० लिहिलेला शॉर्ट-कोर्स ट्रक १/१० लिहिलेल्या टूरिंग मोटारीपेक्षा बराच लांब, रुंद आणि जड असतो. म्हणून ट्रॅकवर वाटणी करताना नुसता अपूर्णांक विचारून भागत नाही. गाडी काट्यावर ठेवावी लागते.

हा छंद इटली, ब्रिटन, अमेरिका आणि जपान या देशांत साठ-सत्तरच्या दशकांत रुजला. अमेरिकेतील ‘रोअर’ ही संघटना १९६७ ची. जपानच्या शिझुओका शहरातील टामिया कंपनीने १९७६ मध्ये १/१२ प्रमाणातील पोर्शे ९३४ बाजारात आणली आणि विजेवर चालणारी गाडी सामान्य घरात पोहोचली. त्याआधी शर्यतीचे मैदान मुख्यतः १/८ च्या इंजिनवाल्या गाड्यांचे होते. म्हणजे मोठ्या गाड्या आधी आल्या, लहान नंतर. पुष्कळ जुन्या ट्रॅकांची मापे पहिल्या भाडेकरूच्या सोयीने पडली आणि नंतर आलेल्यांना त्यांतच जमवून घ्यावे लागले.

तरीही त्या काळात भांडणे कमी होत, याचे कारण सौजन्य नव्हते. यंत्राची मर्यादा होती. तेव्हाचे रेडिओ २७ मेगाहर्ट्झ पट्ट्यातील ठराविक वाहिन्यांवर चालत. प्रत्येक वाहिनीसाठी वेगळा स्फटिक लागे. एकाच वाहिनीवर दोघांनी रेडिओ सुरू केला, की दोन्ही गाड्यांचा ताबा सुटे. म्हणून क्लबांमध्ये एक फळा टांगलेला असे आणि त्यावर प्रत्येक वाहिनीचा एकेक चिमटा लावलेला असे. कपडे वाळत घालण्याचा असतो तसाच. ज्याच्या रेडिओच्या अँटेनाला तो चिमटा, त्यानेच रेडिओ सुरू करायचा. चिमटा फळ्यावर परत आला, की पुढच्याची पाळी. लक्षाधीशाकडेही चिमटा एकच आणि शाळकरी पोराकडेही एकच.

या शतकाच्या पहिल्या दशकात २.४ गिगाहर्ट्झचे रेडिओ आले. ते आपापली गाडी आपणच ओळखतात, एकमेकांत मिसळत नाहीत. चिमट्यांचा फळा भिंतीवरून उतरला. सोय मोठी झाली, यात शंका नाही. पण त्या फळ्याबरोबर एक न लिहिलेला नियमही उतरला. आता कोणीही, केव्हाही, कोणतीही गाडी ट्रॅकवर सोडू शकतो. यंत्र त्याला अडवत नाही. ज्या ठिकाणी यंत्र अडवत नाही तेथे माणसाने नियम करावा लागतो, आणि नियम करण्याचे काम कोणालाच आवडत नाही. मोकळ्या सरावाच्या दिवशी, ‘सगळ्यांनी मिळून चालवू या, भांडण नको’ असे गोड बोलून अवघे मैदान सर्वांना एकाच वेळी खुले केले जाते.

दिसायला ही समता आहे. ती कशी चालते ते पाहावे.

शर्यतीचा एक जुना शिष्टाचार असा, की हळू चालणाऱ्याने मागून फेरीने पुढे असलेली वेगवान गाडी येताना दिसली, तर बाजू द्यावी. समान आकाराच्या गाड्यांत हा शिष्टाचार उत्तम आहे. आज एक बाजू देतो, उद्या दुसरा. पण लहान गाडी मोठीबरोबर सोडली, तर बाजू देणारा कायम एकच राहतो. लहान गाडीचा मालक तासभर ट्रॅकवर असतो आणि त्यातला मोठा भाग कडेला थांबण्यात घालवतो. नाणे दोघांनी सारखे भरलेले असते, माल मात्र एकाच्याच पदरात पडतो. याला सौजन्य म्हणण्याची पद्धत आहे, पण ज्याला नाही म्हणण्याची सोय नाही त्याचे सौजन्य हिशेबात धरू नये.

जमिनीची गोष्ट तर याहून बोलकी आहे. मातीचा ट्रॅक पाणी मारून, दाबून तयार करतात. मोठ्या गाडीचे खुंट्यांचे टायर वळणापूर्वी ब्रेक लागताच माती उकरतात आणि तेथे लाटांसारखे उंचवटे तयार होतात. १/८ बग्गीच्या चाकाचा व्यास ११-१२ सेंटिमीटर. तीन सेंटिमीटरची चर तिला जाणवते, पण अडवत नाही. मिनी-झीचे सबंध चाकच त्या चरीत बुडेल. १/१० ची बग्गी बुडत नाही, पण प्रत्येक फेरीला तेथे उलटते. उड्यांच्या उंचवट्यांचेही तसेच. मोठ्या गाडीच्या वेगाचा आणि वजनाचा अंदाज घेऊन जे अंतर ठेवलेले असते, ते लहान गाडीच्याने पार होत नाही. ती पलीकडच्या उतारावर न उतरता मधल्या खड्ड्यात नाक खुपसते. रस्त्याची कडा दाखवणारे प्लास्टिकचे पन्हाळीदार पाइप मोठी गाडी ओलांडून जाते, लहान गाडी त्यांवर आदळून थांबते. एकाच वस्तूचा एकाला दुभाजक होतो आणि दुसऱ्याला भिंत.

चालक उंच मंचावर उभे असतात, गाडी पुष्कळदा वीस-तीस मीटर दूर असते. मातीच्या उंचवट्यामागे उलटी पडलेली लहान गाडी मंचावरून दिसतच नाही. मोठ्या गाडीचा चालक तेथे दुष्टपणाने धडकत नाही. त्याला खरोखरच दिसलेले नसते. घरात ईर्यासमितीविषयी ऐकत वाढलेल्या मुलाला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. चालणाऱ्याने पुढची जमीन पाहून चालायचे, कारण पायाखालच्याला बाजूला होण्याची सवड नसते. येथे मात्र पाहूनही दिसत नाही, आणि म्हणूनच दक्षतेचा प्रश्न चालकावर न सोडता वेळापत्रकावर टाकावा लागतो.

आणि उलटलेली गाडी सरळ करायला माणूस धावतो, हे विसरून चालणार नाही. त्याला मार्शल म्हणतात. ब्रिटनमधील क्लबांत आधीच्या फेरीत ज्यांनी गाडी चालवली, त्यांनीच पुढच्या फेरीला वळणावळणावर मार्शल म्हणून उभे राहण्याची रीत आहे. यात दहा-बारा वर्षांची मुलेही असतात. मिनी-झी घोट्याला लागली तर मूल हसते. १.३ किलोची गाडी लागली तर कळवळते. १० किलोची गाडी भरवेगात नडगीवर आली, तर गाठ रुग्णालयाशी. मोठ्या गाड्यांच्या शर्यतींसाठी कुंपण, पक्के अडथळे आणि प्रेक्षकांना पुरेसे दूर ठेवण्याची व्यवस्था असते ती यासाठी. ज्या मैदानावर मिश्र सराव चालतो, तेथे ही व्यवस्था सर्वांत लहान गाडीच्या हिशेबाने केलेली असते, आणि धोका सर्वांत मोठ्या गाडीचा असतो. बँकेच्या भाषेत सांगायचे, तर तारण एका कर्जाचे आणि उचल दुसऱ्याची.

संघटनांनी हे केव्हाच ओळखले. ब्रिटिश रेडिओ कार असोसिएशनचे कामकाज गाड्यांच्या वर्गांप्रमाणे वेगवेगळ्या विभागांत वाटलेले आहे; १/८, १/१०, १/१२, मोठ्या प्रमाणाच्या गाड्या, सूक्ष्म गाड्या, प्रत्येकाचे नियम निराळे. सदस्यत्वाबरोबर तिसऱ्या व्यक्तीला झालेल्या इजेचा विमाही मिळतो. व्यापारी माणूस ट्रॅकवर गेला, तर त्याने गाड्यांच्या रंगाआधी या विम्याची चौकशी करावी.

ब्रिटनचा विषय निघाला म्हणून लेस्टर शहराचा उल्लेख करायला हवा. या मासिकाच्या अनेक घरांचे नातेसंबंध तेथे आहेत. लहान, मजबूत आणि परवडणाऱ्या रेडिओ-नियंत्रित गाड्यांसाठी प्रसिद्ध असलेली मार्डेव्ह कंपनी याच शहरातली. तिच्या छोट्या गाड्या हिवाळ्यात शाळांच्या आणि क्रीडागृहांच्या बंदिस्त सभागृहांत, लाकडी जमिनीवर किंवा पसरलेल्या गालिच्यावर धावत आल्या आहेत. जागा भाड्याची, वेळ ठराविक, संध्याकाळ संपली की सर्व गुंडाळायचे. अशा ठिकाणी मोठ्या गाडीचा प्रश्न उद्भवतच नाही. दार तिच्यासाठी लहान आहे.

त्याच लेस्टरमधील ऑक्सफर्ड स्ट्रीटवरचे जैन सेंटर वाचकांपैकी अनेकांनी पाहिले असेल. जुन्या चर्चच्या इमारतीत उभे राहिलेल्या या मंदिराची प्रतिष्ठा १९८८ मध्ये झाली. एकाच छताखाली तेथे श्वेतांबर आणि दिगंबर मूर्तींची स्थाने आहेत, स्थानकवासी उपाश्रय आहे आणि श्रीमद् राजचंद्र ज्ञानमंदिरही आहे. मंदिराची आणि खेळाच्या मैदानाची तुलना ताणण्याचे कारण नाही. पण एकत्र राहण्यासाठी त्या बांधवांनी सर्वांना एकाच दालनात, एकाच रीतीने बसवले नाही. प्रत्येकाचे स्थान वेगळे आखले आणि मग छत एक ठेवले, ही गोष्ट ट्रॅकची वाटणी करणाऱ्याने लक्षात घेण्याजोगी आहे.

आता खर्चाकडे. समजा, एका क्लबाला रविवारच्या मैदानाचे भाडे १०० पौंड पडते आणि सदस्य वीस आहेत. प्रत्येकी ५ पौंड. वीसांपैकी चौघांकडे मोठ्या गाड्या, सहांकडे अगदी लहान, उरलेल्या दहांकडे मधल्या. मिश्र सरावाला कंटाळून लहान गाड्यांचे सहाजण यायचे बंद झाले, तर उरलेल्या चौदांना प्रत्येकी सात पौंडांहून अधिक द्यावे लागतात. त्यामुळे आणखी दोघे गळाले, तर वाटा आठ पौंडांच्या वर जातो. भाडे तेवढेच, मैदान तेवढेच. आणि गेलेले सहाजण कोण होते? बहुधा नवखे, बहुधा लहान वयाचे, पहिली गाडी स्वस्तातली घेतलेले. पाच वर्षांनी मोठी गाडी घेणारा ग्राहक हाच असतो. दुकानात पायरीवर रेंगाळणाऱ्या किरकोळ गिऱ्हाइकाला हाकलून घाऊक गिऱ्हाइकासाठी गालिचा अंथरणारा व्यापारी फार दिवस गादीवर राहत नाही, हे वेगळे सांगायला नको.

दुसरा मुद्दा घसाऱ्याचा. ट्रॅक पुन्हा दाबायला, पाणी मारायला, तुटलेले पाइप बदलायला श्रम आणि पैसा लागतो. हा खर्च डोकी मोजून वाटणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. टोलनाक्यावर ट्रककडून मोटारीपेक्षा अधिक घेतात, त्यावर व्यापारी कुरकुर करतो, पण मनातून त्याला कारण ठाऊक असते. क्लबाने मोठ्या गाडीच्या पाळीला अधिक वर्गणी ठेवली, किंवा वर्गणी समान ठेवून दुरुस्तीचे श्रम मोठ्या गाड्यांच्या मालकांकडे दिले, तर त्यात अपमान कोणाचाही नाही. पैशापेक्षा श्रमाचा पर्याय अधिक चांगला ठरावा; स्वतः फावडे मारणारा चालक वळणावर ब्रेक जरा बेतानेच लावतो.

मग वाटणी कशी करावी? जागेची नव्हे, वेळेची. तास ठरवावेत आणि ते फळ्यावर लिहावेत. मातीच्या ट्रॅकवर सकाळची ताजी, सपाट जमीन लहान गाड्यांना द्यावी, त्यानंतर मधल्या आणि शेवटी मोठ्या. हा क्रम उलटा केला, तर पहिल्या तासातच जमीन उकरली जाते आणि पुढचे सर्वजण त्या चरींतून दिवस काढतात. मोठ्यांना या क्रमाने काहीच गमवावे लागत नाही, कारण लहान गाड्या जमिनीचे फारसे बिघडवत नाहीत. एकाला तोटा नाही आणि दुसऱ्याचा दिवस वाचतो, असा सौदा व्यवहारात क्वचितच मिळतो. तरी पुष्कळ ठिकाणी क्रम उलटाच दिसतो. याचे कारण मोठ्या गाड्यांचे मालक वयाने मोठे, वर्गणीत पुढे आणि समितीत बसलेले असतात.

जागा पुरेशी असेल, तर मोठ्या ट्रॅकच्या आतल्या भागात पाइप मांडून लहान गाड्यांसाठी अरुंद, उड्या नसलेला वेगळा वळसा आखता येतो. मात्र तो मोठ्या वळशाला कोठेही छेदू नये. आणि दोन्ही एकाच वेळी चालवायचे असतील, तर मध्ये नुसता पाइप पुरत नाही, उसळून आलेली गाडी थोपवणारा पक्का अडथळा हवा. मिनी-झीसाठी तर वेगळा ट्रॅकच बरा; एकमेकांत अडकणाऱ्या फोमच्या तक्त्यांचा तो ट्रॅक घरच्या मोठ्या खोलीतही मांडता येतो.

काहीजण म्हणतात, मोठ्या गाडीचा वेग कमी करून तिला मिश्र सरावात घ्यावे. रेडिओवर वेगाला मर्यादा घालता येते, काही गाड्यांत नवशिक्यांसाठी अर्ध्या ताकदीची सोयही असते. घरच्या अंगणात शिकणाऱ्या मुलासाठी ती जरूर वापरावी. पण वेग निम्मा केल्याने १० किलोचे पाच होत नाहीत, आणि आज निम्म्यावर ठेवलेले बटण उद्या कोण तपासणार? मिश्र सरावाला तो पर्याय म्हणून मान्य करू नये. रेडिओचा संपर्क तुटताच गाडी आपोआप थांबवणारी फेल-सेफ सोय मात्र मोठ्या गाडीत असलीच पाहिजे, आणि प्रत्येक पाळीपूर्वी ती तपासलीच पाहिजे. गाडीची चाके अधांतरी धरून रेडिओ बंद करायचा; चाके थांबली तर ठीक, नाही तर ती गाडी त्या दिवशी पेटीतच राहील.

राहता राहिली खरेदी. पुणे, सांगली वा सोलापूरच्या आजोबांनी लेस्टरच्या नातवासाठी गाडी घेण्यापूर्वी त्याच्या आईवडिलांना विचारावे, की जवळचा क्लब कोणत्या वर्गाच्या गाड्यांचा आहे आणि त्या वर्गाची पाळी कोणत्या वेळी असते. पहिल्या गाडीसाठी बहुतेक ठिकाणी १/१० हे उत्तर येईल. सुटे भाग सहज मिळतात आणि बरोबरीचे भिडू अधिक असतात. इथल्या सोसायटीच्या वाहनतळात चालवायची असेल, तर त्याहूनही लहान घ्यावी. तेथे ट्रॅक नाही, मार्शल नाही आणि संध्याकाळी जिन्यातून उतरणारी वृद्ध माणसे आहेत. मोठी गाडी आधीच घेऊन झाली असेल, तर ती परवानगी असलेल्या मोकळ्या मैदानावर, वडीलधाऱ्यांच्या देखत आणि आसपास कोणी नसताना चालवावी. क्लबात तिची पाळी शेवटची.

शेवटची पाळी संपल्यावर मोठ्या गाड्यांचे मालक दाताळे घेऊन ट्रॅकवर उतरतात. वळणांपूर्वीच्या लाटा सपाट होतात, उडीचा उतार थापला जातो, सरकलेले पाइप जागेवर येतात, नळी लावून माती भिजवली जाते. रात्रभर ती मुरते. सकाळी पहिल्या तासाला लहान गाड्या येतात तेव्हा जमीन घट्ट बसलेली असते.